अंतःकरणाचा कौल कितपत प्रमाण?

महाड तालुक्यातील तळीये गावच्या कोंडाळकरवाडीवर २२ जुलै २०२१ या दिवशी, दुपारी चारच्या सुमारास, डोंगर कोसळला. ८०हून अधिक माणसे त्याखाली गेली. त्याच सुमारास शेजारच्या पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर-सुतारवाडी येथेही दरडी आल्या. सह्याद्रीच्या माथ्यावर महाबळेश्वरी २३ जुलैच्या सकाळपर्यंतच्या चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. महाड शहर पाण्याखाली होते, रस्ते तुटले होते, दूरध्वनी बंद होते. बाहेरून मदत येण्यास दुसरा दिवस उजाडावा लागला.

या दुर्घटनेतून वाचलेल्यांच्या ज्या हकिकती तेव्हा वृत्तपत्रांत आल्या, त्यांतील एक गोष्ट विचार करायला लावणारी आहे. मोठी दरड येण्यापूर्वी डोंगराची माती थोडी घसरली होती. काहीतरी विपरीत घडणार, हे लोकांना जाणवले होते. ते घराबाहेर पडले, एकमेकांना हाका घालून एका ठिकाणी जमले, आणि नेमक्या त्याच ठिकाणी डोंगर आला. मनाने दिलेला पहिला कौल, 'येथून निघा', खरा ठरला. 'सगळे मिळून येथे थांबू' हा दुसरा कौल मात्र घातक ठरला. एकाच घटकेला, त्याच माणसांच्या मनाने दिलेल्या दोन कौलांत एवढे अंतर का पडावे?

अंतःप्रेरणा ही दैवी देणगी आहे, अशी एक समजूत असते. ती निव्वळ भ्रम आहे, अशी दुसरी. अभ्यासकांनी यांपैकी कोणतीही उचलून धरलेली नाही. नोबेल पारितोषिक विजेते हर्बर्ट सायमन यांच्या मते अंतःप्रेरणा म्हणजे ओळख. पूर्वी अनेकदा पाहिलेली खूण समोर आली की मन ती क्षणार्धात ओळखते. का ओळखली, हे सांगता येत नाही, इतकेच. गॅरी क्लाइन या मानसशास्त्रज्ञाने अमेरिकेतील एका अग्निशमन अधिकाऱ्याची हकिकत नोंदवली आहे. पेटलेल्या घरात शिरलेल्या या अधिकाऱ्याने कोणतेही स्पष्ट कारण नसताना आपल्या माणसांना बाहेर काढले आणि क्षणभरात पायाखालची जमीन कोसळली. आग तळघरात होती. अधिकाऱ्याला हे अतींद्रिय ज्ञान वाटले. प्रत्यक्षात पाणी मारूनही आग हटत नव्हती, उष्णता गरजेपेक्षा अधिक होती, आवाज मात्र कमी होता. शेकडो आगी पाहिलेल्या मनाने ही विसंगती टिपली होती.

मग कोणाच्या मनावर विश्वास टाकावा? २००९ मध्ये क्लाइन आणि डॅनिएल कानेमान यांनी याचे उत्तर एकत्रितपणे दिले. क्लाइन अंतःप्रेरणेचे पुरस्कर्ते, तर कानेमान तिचे कठोर टीकाकार. तरीही दोन अटींवर दोघांचे एकमत झाले. ज्या विषयात निसर्गक्रमाने खुणा आणि परिणाम यांचे नाते टिकून असते, आणि ज्यात आपला अंदाज बरोबर की चूक हे वारंवार व लवकर कळते, त्याच विषयातील अनुभवी माणसाचा कौल भरवशाचा असतो. वाऱ्यावरून समुद्र ओळखणारा कोळी, पायाखालच्या चिखलावरून लावणीची वेळ जाणणारा शेतकरी, रुग्णाच्या चेहऱ्यावरून गांभीर्य ताडणारी जुनी परिचारिका यांची जाण या कसोटीला उतरते.

दरड उतरत नाही. एखाद्या वाडीवर ती शेकडो वर्षांत एकदा येते; त्यातून शिकण्याची संधी त्या पिढीला बहुधा मिळतच नाही. उलट, प्रत्येक सुखरूप पावसाळा 'हा डोंगर आपला आहे, तो काही करणार नाही' हाच धडा गिरवून घेतो. आजोबांच्या आजोबांपासून उभा असलेला डोंगर मनाला अढळ वाटतो, हा मनाचा दोष नव्हे. त्याला मिळालेले शिक्षणच अपुरे आहे.

कालिदासाच्या शाकुंतलात दुष्यंत पहिल्या अंकात असे मानतो की, संशयाच्या प्रसंगी सज्जनांच्या अंतःकरणाचा ओढा हेच प्रमाण. तेथे तो योग्य ठरतो. पाचव्या अंकात शापाने त्याची स्मृती हरपलेली आहे. हृदय व्याकुळ होते, पण ते का, हे त्याला कळत नाही आणि तो शकुंतलेला नाकारतो. अंतःकरण स्मृतीच्या आधारावर बोलते. स्मृती तुटली की त्याची भाषा उमगत नाही.

हेच समाजाला लागू आहे. जुलै २००५ मध्ये याच महाड तालुक्यात दासगाव, जुई, रोहन आणि कोंडीवते येथे दरडींनी माणसे गिळली होती. तळीयेची दुर्घटना त्यानंतर सोळा वर्षांनी घडली. मध्यंतरी, ३० जुलै २०१४ रोजी, पुणे जिल्ह्यातील माळीण गेले. एका वाडीला न मिळणारा अनुभव साऱ्या सह्याद्रीने मिळून घेतलेला आहे. तो वाडीवाडीपर्यंत पोचवला, तरच तेथील मनांना डोंगराच्या खुणा ओळखता येतील: जमिनीला वा भिंतीला पडलेली नवी भेग, एकाएकी गढूळ झालेला झरा, भलत्याच जागी फुटलेले पाणी, कललेली झाडे व खांब, अडकू लागलेली दारे.

केवळ सरकारी यादीवर विसंबूनही चालणार नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यातीलच इर्शाळवाडी गाडली गेली. ती दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, हे शासनानेच सांगितले. यादी चुकते, मनही चुकते. अशा वेळी व्यवहाराचा नियम एकच असू शकतो. मन भ्याले तर त्याचे तत्काळ ऐकावे; मन निर्धास्त असेल तर त्याच्याकडे पुरावा मागावा. भीती खोटी ठरली तर एका रात्रीची झोप जाते. निर्धास्तपणा खोटा ठरला तर वाडी जाते. दहा वेळा बाहेर पडून काहीच घडले नाही, म्हणून अकराव्या वेळी हसणाऱ्यांनी हा हिशेब ध्यानी घ्यावा.

मात्र निघायचे कोठे, हा निर्णय त्या घटकेच्या मनावर सोडता येत नाही. घाबरलेला माणूस आपल्या माणसांकडे आणि ओळखीच्या जागेकडे धावतो. ती जागा उताराखाली आहे की नाही, हे पाहण्याइतकी उसंत त्याला नसते. म्हणून जाण्याची जागा उन्हाळ्यातच, भूवैज्ञानिकांच्या सल्ल्याने ठरलेली हवी. वाट पायांना सवयीची हवी, वृद्धांना कोण उचलणार आणि दावणीची गुरे कोण सोडणार हे नेमलेले हवे, गावात पर्जन्यमापक हवा आणि किती पावसाला घर सोडायचे हा आकडा सर्वांना पाठ हवा. यासाठी मोठा निधी लागत नाही. दर वर्षी मृगापूर्वी वाडीवर जाऊन चार संध्याकाळी बसणारे कार्यकर्ते आणि त्यांचे ऐकणारी ग्रामसभा एवढे असले, तरी पुष्कळ काम होते.

तळीयेच्या लोकांना धोका वेळेवर जाणवला होता. त्या जाणिवेला पुढची वाट आधीपासून आखून देणे हे मागे राहिलेल्या समाजाचे कर्तव्य आहे, आणि सह्याद्रीच्या कुशीत अशा वाड्या अजून शेकड्यांनी आहेत.