पेला धुतला, धोट्याचे काय?

महामारी ओसरली, पण तिच्या दिवसांत छापलेले कागद अजून घराघरांतल्या कपाटांतून निघतात. मागे रद्दी काढताना आमच्याही हाती असा एक कागद लागला. गुळगुळीत, रंगीत, वर द्राक्षवेलींचे हिरवेगार चित्र, आणि खाली, महामारीच्या काळातही वाईनरीची सफर निर्धास्तपणे कशी करावी, याच्या सूचना. आमच्या एका नातलगाने तो नाशिककडच्या सहलीहून आणला होता. वाईनरीचे नाव सांगण्याचे कारण नाही. तिच्याशी आमचे भांडण नाही, आणि सूचना तर खरोखर चांगल्या होत्या.

आधी वेळ ठरवून या. दारात ताप मोजून घ्या. एका वेळी मोजकेच पाहुणे आत घेतले जातील. दोन टेबलांत सहा फुटांचे अंतर राहील. शक्यतो बाहेर, हिरवळीवर बसा. प्रत्येकाचा पेला उकळत्या पाण्यातून काढलेला असेल. त्याला हात लावणाऱ्याच्या हातांत मोजे असतील. बाटलीवरची माहिती वाचण्यासाठीसुद्धा बाटली हाताळू नका, आमचा माणूस ती दुरून दाखवील. आम्ही हा कागद दोनदा वाचला, आणि दुसऱ्या वाचनाच्या अखेरीस आमच्या मनात एकच प्रश्न उरला : एवढी काळजी, एवढ्या बारकाईने, आमच्या इचलकरंजीत कोणी कोणाची घेतली होती?

वाचकांनी गैरसमज करून घेऊ नये. आम्ही दारूबंदीचे झेंडेकरी नव्हे. ज्या समाजाच्या वेदीवर रोज द्राक्षारस अर्पण होतो, आणि ज्याच्या शुभवर्तमानात पहिला चमत्कार एका लग्नघरच्या रिकाम्या रांजणांपाशी घडतो, त्या समाजाने द्राक्षवेलीला शिव्या द्याव्यात हे शोभणारे नाही. मुंबई राज्याने १९४९ साली दारूबंदीचा कायदा केला तेव्हाही धार्मिक विधीसाठी लागणाऱ्या द्राक्षारसाला त्यात वाट ठेवली होती. आणि वेदीवरचा तो द्राक्षारस कसा असावा, याबद्दल ख्रिस्तसभेचा कायदा त्या रंगीत कागदापेक्षाही काटेकोर आहे : तो द्राक्षांचाच असावा, नैसर्गिक असावा, नासलेला नसावा.

शिवाय द्राक्ष ही आमच्याकडे परकी गोष्ट नाही. इचलकरंजीहून निघून सांगलीमार्गे तासगावच्या बाजूला गेले, की मांडवच मांडव लागतात. राज्य सरकारने २००१ साली द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण आखले, तेव्हा नाशिकजवळ विंचूरला तसे सांगली जिल्ह्यात पलूसलाही वाईन पार्क काढले. नाव झाले ते नाशिकचे. तिथे सुला वाईनरीने २००० साली पहिली वाईन बाजारात आणली, पुढे चाखण्याची खोली उघडली, २००८ पासून संगीताचा उत्सव भरवला, आणि मुंबई-पुण्याच्या माणसाला शनिवार-रविवारचे एक नवे ठिकाण मिळाले. यात वाईट काही नाही. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली ती ऐन द्राक्षांच्या हंगामात. माल वेलीवर, व्यापारी घरात, गाड्या बंद. ज्यांना जमले त्यांनी बेदाणा केला; ज्यांना जमले नाही त्यांनी घड वेलीवर सुकताना पाहिले. अशा शेतकऱ्याच्या मालाला वाईनरी गिऱ्हाईक मिळवून देत असेल, तर तिने दार उघडावे यात आम्हाला आनंदच आहे.

मग तक्रार कशाची? दोन गोष्टींची. एक लहान आहे, एक मोठी.

लहान गोष्ट अशी, की ती सफर कागदावर दिसत होती तितकी निर्धोक नव्हती. वाईन चाखण्याची म्हणून एक रीत आहे. पेला फिरवायचा, नाक आत घालून वास घ्यायचा, घोट घ्यायचा, तोंडातल्या तोंडात हवा ओढून तो खळखळवायचा, आणि जाणकार असाल तर शेजारच्या भांड्यात थुंकायचा. यातली एकही पायरी तोंडावरची पट्टी काढल्यावाचून होत नाही. २०२० च्या मे अखेरीस याच राज्याने सार्वजनिक जागी थुंकणाऱ्याला दंड आणि समाजसेवेची शिक्षा जाहीर केली होती. तंबाखूची पिंक टाकणारा हमाल गुन्हेगार, आणि चांदीच्या रंगाच्या भांड्यात तीच क्रिया करणारा रसिक, हा भेद विषाणूला कळत असेल असे वाटत नाही. त्यातून दुसरा-तिसरा पेला झाला, की सहा फुटांचे तीन फूट होतात. माणूस मोकळा व्हावा म्हणूनच तर तो पितो. मद्याने या रोगापासून बचाव होतो, ही अफवाही त्याच दिवसांत पिकली होती. इराणमध्ये तिच्यापायी विषारी मद्य पिऊन शेकडो माणसे मेली, आणि आपल्या यवतमाळ जिल्ह्यात वणीला एप्रिल २०२१ मध्ये दारू मिळेना म्हणून हात धुण्याचे सॅनिटायझर प्यायलेले मजूर दगावले. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने २०२० मध्येच सांगून टाकले होते, की मद्य रोगापासून राखत तर नाहीच, उलट प्रतिकारशक्ती दुबळी करते. रंगीत कागदावर या गोष्टीला जागा उरली नव्हती.

तरीही न्याय करायचा तर एवढे म्हटले पाहिजे, की उघड्या हिरवळीवर, मोजक्या माणसांत, आपल्याच घरच्यांबरोबर बसणाऱ्याला धोका कमी होता. रोग हवेतून पसरतो, कोंडलेल्या जागेत पसरतो, हे पुढे स्पष्ट झाले. बंद खोलीत चाखण्यापेक्षा मळ्यात बसणे शहाणपणाचे, हा त्या कागदाचा सल्ला योग्य ठरला. आणि नेमकी इथेच आमची मोठी तक्रार सुरू होते.

ऑक्टोबर २०२० मध्ये महाराष्ट्रात एक वाद पेटला होता, तो वाचकांना आठवत असेल. मद्याची दुकाने मे महिन्याच्या सुरुवातीलाच उघडली होती. दोन आठवडे होतात न होतात तोच घरपोच मद्य देण्याचीही सोय झाली होती. ५ ऑक्टोबरला उपाहारगृहे आणि बार निम्म्या बैठकीने सुरू झाले. देवळे, मशिदी, चर्च मात्र बंदच. १२ ऑक्टोबरला राज्यपालांनी मुख्यमंत्र्यांना पत्र लिहिले, मुख्यमंत्र्यांनी उत्तर दिले, आणि बार उघडे, देव कोंडलेला, अशी आरोळी चौकाचौकांत उठली. आमच्या काही बांधवांनीही तीत सूर मिसळला. आम्ही मिसळला नाही, आणि त्याचा आम्हाला आजही पश्चात्ताप नाही. त्या वर्षीचा पुण्य शुक्रवार आणि ईस्टर आम्ही मोबाइलच्या पडद्यासमोर गुडघे टेकून साजरा केला. जड गेले, पण अपमान वाटला नाही. पोप महाशय २७ मार्चच्या संध्याकाळी पावसात ओल्या झालेल्या रिकाम्या चौकात एकटे उभे राहिले, ते आम्ही पाहिले होते. १६ नोव्हेंबरला दारे उघडली तेव्हा ख्रिस्तप्रसाद जिभेऐवजी हातावर घेतला, शांतीची खूण दुरून मान लववून केली. कोणाचा धर्म बुडाला नाही.

बार आणि देऊळ यांच्या या भांडणात तिसऱ्या एका जागेचे नावच कोणी घेतले नाही. ती म्हणजे यंत्रमागाची शेड.

विठ्ठलराव दातारांनी १९०४ साली इचलकरंजीत पहिला यंत्रमाग बसवला. आज गावात लाखाच्या घरात माग आहेत, आणि २०२२ पासून गाव महानगरपालिका झाले आहे. बाहेरच्या माणसाने आमच्याकडे आल्यावर वस्त्रनगरी, महाराष्ट्राचे मँचेस्टर, असे दोन शब्द बोलायचे असतात. पण बोलणाऱ्याने एकदा साध्या मागांच्या शेडमध्ये दहा मिनिटे उभे राहून पाहावे. सूत कोरडे पडले की तुटते, म्हणून खिडक्या लावून घेतात. हवेत कापसाची पूड. दोन मागांमधली वाट अशी, की अंग चोरून जावे लागते. आणि खडखडाट एवढा, की शेजारच्या माणसाला काही सांगायचे तर त्याच्या कानाशी तोंड नेऊन ओरडावे लागते. तोंडाला पट्टी बांधली तर ओठ दिसत नाहीत, आणि वर्षानुवर्षे ओठ पाहूनच एकमेकांचे बोलणे समजून घेणाऱ्या माणसांना ते परवडत नाही. बारा तासांची पाळी, पाळी सुटली की एका खोलीत आलटून-पालटून झोपणारे सहा-आठ जण : दिवसपाळीच्या माणसाने सोडलेले अंथरूण रात्रपाळीचा गरम असतानाच घेतो. रोगाला याहून चांगले घर कोणते मिळणार?

टाळेबंदीत हे माग थांबले. उत्तर प्रदेश, बिहार, कर्नाटकातली माणसे मिळेल त्या वाटेने गावाकडे निघाली. १९९४ साली प्लेगच्या बातमीने सुरत रिकामी झाली होती. कापडाच्या गावांचा हा धर्मच असावा, की संकट आले की माणसे आधी पळतात, कारण इथे त्यांचे असे काही नसते. पुढे खडखडाट पुन्हा सुरू झाला, माणसे परतली. पण शेडमध्ये किती जण, किती अंतराने, हवा कुठून आत येणार, आजारी पडलेल्याची मजुरी कोण देणार, याचा एक साधा छापील कागद आमच्या पाहण्यात आला नाही. शहाणे आणि माणुसकीचे मालक होतेच. त्यांनी आपल्यापरीने औषधे दिली, डबे पोचवले. पण ते त्यांच्या मनाचे मोठेपण झाले, तो नियम झाला नाही.

आमच्या गल्लीत राहणाऱ्या, मूळच्या विजापूरकडच्या एका मागकामगाराला आम्ही तो रंगीत कागद वाचून दाखवला. सहा फुटांच्या सूचनेपाशी तो हसला. "काका, आमच्या शेडात दोन मागांच्या मधनं जायाचं तर पोट आत घ्यावं लागतंय. ह्यो कागद मालकास्नी दावा की एकडाव," म्हणाला. मग जरा थांबून त्याने विचारले, तिथे पेले धुणारी माणसे कुठे झोपतात. या प्रश्नाचे उत्तर आमच्यापाशी नव्हते, आणि कागदावरही नव्हते. सुरक्षितता पाहुण्याची होती. पेला धुणारा, मोजे घालून बाटली दाखवणारा, पहाटे मळ्यात घड तोडणारी बाई, ही त्या सुरक्षिततेची साधने होती; तिची धनी नव्हती.

कोणी म्हणेल, पाहुणा पैसे देतो म्हणून त्याची काळजी घेतली जाते, यात नवल काय? नवल नाहीच. पण मग तिला सार्वजनिक आरोग्य हे नाव देऊ नये. फ्रान्समधील वाईनतज्ज्ञांच्या संघटनेने, या रोगाने वास जातो आणि वास गेला की आमचा धंदा बसतो, म्हणून आपल्या सभासदांना लस आधी द्यावी अशी मागणी केली होती. मागणी गैर नव्हती. नाक हेच ज्याचे हत्यार, त्याने नाकाची चिंता करावी. आमच्या कामगाराचे हत्यार त्याची फुप्फुसे. त्यांच्यासाठी कोणत्या संघटनेने कुठे अर्ज केला?

हे प्रश्न नवे नाहीत आणि अशक्यही नाहीत. इंग्लंड-अमेरिकेतल्या कापड गिरण्यांत पूर्वी धोट्याच्या भोकाला ओठ लावून, श्वास ओढून सूत बाहेर काढीत. एकच धोटा अनेकांच्या तोंडी. क्षय पसरतो म्हणून ओरड झाली, आणि मॅसॅच्युसेट्स राज्याने १९११ साली तो प्रकार कायद्याने बंद केला. त्याच्या दोनच वर्षे आधी कॅन्सस राज्याने आगगाड्यांतले आणि शाळांतले सार्वजनिक पाण्याचे पेले बंद केले होते. म्हणजे पेला आणि धोटा या दोन्ही वस्तू शंभर वर्षांपूर्वी एकाच मापाने मोजल्या गेल्या होत्या. आमच्या मिस्सेतही सामाईक पेल्याचा प्रश्न असाच सुटला. साथीच्या काळात तो धर्मगुरूपुरता राहिला, आणि भाविकांनी एकाच रूपात प्रसाद घेतला. वेदी जर रोगापुढे आपली रीत मुरडू शकते, तर शेडची खिडकी का उघडू शकत नाही?

खिडकी उघडली तर सूत तुटते, हे आम्हाला ठाऊक आहे. हवेत ओलावा राखणारी यंत्रे असतात, हेही ठाऊक आहे. मोठ्या गिरण्यांत ती असतात. खर्चीवाल्या लहान यंत्रमागधारकाला ती परवडत नाहीत, तो स्वतःच दुसऱ्याच्या सुतावर मजुरीने कापड विणतो, हेही खरे. म्हणूनच हे काम एकट्या मालकाच्या दयेवर सोडता येत नाही. द्राक्षांच्या वाईनसाठी सरकारला धोरण करता आले, पार्क काढता आले. २७ जानेवारी २०२२ ला, तिसरी लाट चालू असताना, मोठ्या दुकानांतून वाईन विकू देण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला, आणि मग महिनाभर सगळा महाराष्ट्र वाईन म्हणजे दारू की नव्हे यावर तावातावाने बोलत होता. निर्णय पुढे अमलात आला नाही. पण एवढ्या वेळातला, एवढ्या बुद्धीचा चौथा हिस्सा जरी शेडच्या हवेवर खर्च झाला असता तरी पुरे होता.

आम्ही २०१२ विसरलेलो नाही. त्या उन्हाळ्यात दूषित पाण्यातून गावात काविळीची साथ पसरली आणि माणसे गेली. तेव्हाही पाणी उकळून प्या अशा सूचना झाल्या होत्या. रॉकेलच्या रांगेत उभ्या असलेल्या बाईला त्या ऐकू गेल्या. पंचगंगेचे पाणी तेव्हापासून किती निवळले, हे नदीकाठी राहणाऱ्यांना विचारावे.

तेव्हा आमचे मागणे थोडके आहे. महानगरपालिकेने, यंत्रमागधारकांच्या संघटनांनी आणि कामगार संघटनांनी एकत्र बसून शेडसाठी तसाच एक कागद तयार करावा : माणशी जागा किती, वारा कुठून, पाळी सुटल्यावर हात-तोंड धुवायला पाणी कुठे, झोपायच्या खोलीत किती जण, ताप आलेल्याला किती दिवसांची मजुरी आणि ती कोणाच्या खिशातून. गुळगुळीत कागद नको. मराठी, कन्नड आणि हिंदी, तिन्हींत छापावा. नमुना हवा असल्यास नाशिकचा कागद आमच्यापाशी आहे, येऊन न्यावा.