चंदी मोजून, पाणी मनभर

गेल्या अंकात शेळ्यांच्या जंतांविषयी लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांत एका भगिनीचं पत्र वेगळंच निघालं. त्यांच्या मुलानं वरातीच्या कामासाठी घोडी घेतली आहे. घरात यापूर्वी म्हशी होत्या, घोडं कधीच नव्हतं. "म्हशीसारखंच सांभाळलं तर चालेल का?" असं त्यांनी विचारलंय. बाई, नाही चालणार. का चालणार नाही, ते सांगण्याआधी आमच्या मोहल्ल्यात मागच्या लग्नसराईत घडलेली हकीकत सांगतो.

आमच्या शेजारच्या भाभींच्या मुलानं सारंगखेड्याच्या यात्रेतून एक नुकरी घोडी आणली. पांढरीशुभ्र, गुलाबी कातडीची, चार वर्षांची. नाव ठेवलं चांदनी. निम्मे पैसे पतपेढीचे, निम्मे भाभींनी जमवलेले. एका रात्री दोन वाजता त्याचा फोन आला. "चाचा, चांदनी लोळतेय. सारखी पोटाकडं मान वळवतेय. घामानं भिजलीय."

मी विचारलं, खाल्लं काय? पोरगा गप्प. मग हळूहळू बाहेर आलं. वरात पोचल्यावर तो जेवायला बसला होता. लग्नघरच्यांनी प्रेमानं उरलेला पुलाव आणि चपात्या पाटीभर तिच्यापुढं ठेवल्या. परत आला तर पाटी रिकामी. घरी आल्यावर रोजची हरभऱ्याची चंदीही त्यानं दिलीच, कारण वेळ झाली होती.

मी पोचेपर्यंत एक शेजारी गोडेतेलात ओवा कालवून बाटली भरून उभे होते. बैलाला पाजतात तशी पाजायची म्हणून घोडीची मान दोघांनी वर धरलेली. ती बाटली मी अक्षरशः हिसकावून घेतली. पोटशूळ झालेल्या घोड्याला तोंडातून काही ओतलं, तर ते फुफ्फुसात जायचा धोका फार मोठा. मग पोटदुखी राहते बाजूला आणि जनावर न्यूमोनियानं जातं. एवढी एक ओळ तरी या लेखातली कापून तबेल्यात चिकटवा.

घोडा उलटी करू शकत नाही. गाय-म्हैस रवंथ करते, तिचं पोट चार कप्प्यांचं. घोड्याचं जठर एकच आणि अंगाच्या मानानं लहान, जेमतेम ८ ते १५ लिटरचं. दिवसभर थोडं थोडं गवत चरत राहावं अशी त्याची घडण आहे. गवत पचतं ते मागच्या मोठ्या आतड्यात. तिथं कोट्यवधी सूक्ष्मजीव ते कुजवून त्याची ताकद काढतात. भात, चपाती, पीठ किंवा जास्तीची चंदी एकदम आली, की लहान आतड्यात ती पुरती पचत नाही आणि तशीच मागं सरकते. तिथं आंबते, आम्ल वाढतं, ते सूक्ष्मजीव मरतात आणि त्यांचं विष रक्तात उतरतं. वायू धरतो, कळा येतात.

त्या रात्री चांदनीची नाडी मिनिटाला ६४ भरली. निरोगी मोठ्या घोड्याची २८ ते ४४ असते. साठीच्या वर गेली की फोनवर सल्ला विचारत बसू नये, डॉक्टरला उठवावं. नोकरीतून निवृत्त झाल्यापासून माझी पेटी अर्धी रिकामी असते, म्हणून तालुक्याच्या दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी नाकातून नळी पोटात घातली, लिक्विड पॅराफिन सोडलं, कळा थांबायचं इंजेक्शन दिलं. आम्ही गव्हाण रिकामी केली आणि तिला सावकाश फिरवत राहिलो. फजरच्या अजानच्या सुमाराला तिनं लीद टाकली. भाभींनी त्या लिदीकडं ज्या आनंदानं बघितलं, तसं मी कुणाला सोन्याकडं बघताना पाहिलं नाही.

माझे दादा स्टेशनवर टांगा हाकायचे. ते रोज सकाळी घोड्याच्या कुशीला कान लावून उभे राहत. आम्ही पोरं हसायचो, वाटायचं घोडा दादांच्या कानात काहीतरी सांगतोय. पुढं परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात स्टेथोस्कोप हातात आला तेव्हा समजलं, ते आतड्यांची गुडगुड ऐकत होते. गुडगुड चालू असेल तर ठीक. पोट अगदी मुकं झालं, तर काळजीचं. हे तुम्हालाही जमेल. दोन्ही कुशींना कान लावायची सवय घोडं बरं असतानाच करा, म्हणजे बिघाड लगेच कळतो. दिवसात आठ-दहा वेळा लीद पडली पाहिजे. हिरड्या गुलाबी हव्यात. हिरडी बोटानं दाबून सोडली की दोन सेकंदांत रंग परत यावा.

आता चारा. साधारण साडेतीनशे किलोच्या घोडीला दिवसाला सहा-सात किलो कोरडं खाद्य लागतं आणि त्यात निदान दोन तृतीयांश वाटा गवताचा किंवा कडब्याचा हवा. लसूणघास उत्तम, पण थोडी आणि वाळलेल्या गवताबरोबर. हिरवी ज्वारी घोड्याला घालू नये. तिनं मूत्राशयाला सूज येते आणि मागचे पाय लटपटतात. म्हशीला ती चालते म्हणून घोडीला टाकली, असं घडतं. चंदी म्हणजे भरडलेला सातू, ओट, भिजवून मऊ केलेला हरभरा, त्यात थोडा गव्हाचा कोंडा. कामाच्या दिवसांत सगळी मिळून दोन-अडीच किलो, तीही तीन वेळांत विभागून. वजन काट्यावर करा. 'एक पाटी' हे माप नव्हे, पाट्या लहानमोठ्या असतात. आधी पाणी, मग गवत, मग चंदी. खाद्य बदलायचं असेल तर आठ-दहा दिवसांत हळूहळू बदला.

काम नसेल त्या दिवशी चंदी निम्मी. वरातीचा धंदा करणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावं. चार दिवस उभ्या घोडीला पूर्ण चंदी दिली आणि पाचव्या दिवशी कामाला काढली, तर मांड्यांचे स्नायू दगडासारखे आखडतात, लघवी कॉफीसारखी काळपट होते. जुने टांगेवाले याला सुट्टीचा आजार समजत, आणि त्यांचं बरोबर होतं.

कोंबड्यांचं खाद्य घोड्याच्या तोंडी कधीही लागू देऊ नका. कोंबड्यांना रक्ती हगवण होऊ नये म्हणून त्यात मोनेन्सिनसारखी औषधं घालतात. कोंबडीला ती सोसतात, घोड्याचं हृदय मात्र त्यानं निकामी होतं. बुरशी लागलेला मकाही तसाच, तो मेंदूवर जातो. घरात कोंबड्या आणि घोडी दोन्ही असतील तर पोती वेगळ्या खोलीत ठेवा आणि लहान मुलांनाही तसं सांगून ठेवा, कारण बहुतेक वेळा चुकून घालणारं घरातलं लेकरूच असतं.

पाणी तीस-चाळीस लिटर, उन्हाळ्यात आणखी. दमून आलेल्या घोड्याला पाणी तोडायची चाल चुकीची आहे. थोडं पाजा, चार पावलं फिरवा, पुन्हा पाजा. रोज पंचवीस-तीस ग्रॅम मीठ. खरारा रोज, तोही हाताखाली गाठ, जखम, गरम जागा शोधत. नुकऱ्याच्या गुलाबी नाकाला ऊन भाजतं, दुपारी सावली हवीच. खूर रोज उकरून साफ करा. घाण वास आणि काळा चिकट मळ दिसला तर ओल लागली आहे. सहा ते आठ आठवड्यांनी नालबंद. नालबंद मिळणं हल्ली अवघड झालंय, म्हणून एखाद्याचा नंबर घोडी घेण्याआधीच मिळवून ठेवा. घोड्याला धनुर्वात फार चटकन होतो, त्याची लस चुकवू नका.

चांदनीचं पुढं काय झालं ते राहिलंच. पोट सुटलं, सगळे निर्धास्त झाले. तिसऱ्या दिवशी मी सहज डोकावलो तर ती पुढचे दोन्ही पाय पुढं टाकून, भार मागं घेऊन उभी. खुरांना हात लावला, तापलेले. आतड्यातलं विष खुरांपर्यंत पोचलं होतं आणि खुराला हाडाशी धरून ठेवणारे आतले थर सुजले होते. चंदी पूर्ण बंद, बर्फाच्या पाण्यात पाय, खाली जाड वाळू. त्या हंगामात घेतलेल्या अकरा वरातींचे बयाणे पोरानं घरोघरी जाऊन परत केले. दोन हप्ते थकले तेव्हा भाभींनी बांगड्या गहाण ठेवल्या आणि मला सांगितलं, "डॉक्टरभाई, त्याच्यासमोर बोलू नका, तो आधीच खात नाहीये."

ज्यांनी पाटी ठेवली त्यांना मी दोष देत नाही. दारी आलेल्या जनावराला उपाशी कसं पाठवायचं, हाच विचार त्यांनी केला असणार.

पाच महिन्यांनी घोडी सरळ चालू लागली. खुरांवर कडी उमटल्यासारख्या रेषा राहिल्या आहेत, दर पाच आठवड्यांनी ते तासून घ्यावे लागतात. अलीकडं एका निकाहला तो भेटला. जाळीत भरलेलं वाळलं गवत खोगिराला टांगलेलं, आणि तो स्वतःचं ताट घेऊन घोडीच्या शेजारी उभ्यानंच जेवत होता. एक आजीबाई चपाती घेऊन आल्या. त्यानं अदबीनं ती त्यांच्या हातातून घेतली, म्हणाला, "शुक्रिया आजी," आणि स्वतःच्या ताटात ठेवली.