गाळाचा पंचनामा

दिवाळीच्या फराळाच्या ताटात मी गाळ वाढतो आहे, याबद्दल वाचकांनी रागावू नये. आमच्या केज तालुक्यात धनेगावला मांजरा नदीवरचे धरण आहे. 2016 साली ते आटले, लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी न्यावे लागले, तेव्हा साऱ्या देशाला त्याचे नाव कळले. पुढे 2017 साली सरकारने ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना काढली. योजना चांगलीच आहे. शेतकरी सोने म्हणून गाळ नेतो, त्यात त्याचे काही चुकत नाही. माझे भांडण आहे ते न तपासता वाटणाऱ्यांशी. ट्रॅक्टरच्या खेपा मोजणारे मी पाहिले; चिमूटभर गाळ बाटलीत भरणारा एकही दिसला नाही.

अहो, पावसाने शिवारातून जे जे धुऊन नेले ते गाळात बसते. डीडीटीसारखे औषध पाण्यात विरघळत नाही. चिकणमातीच्या कणांना धरून तळाशी जाते आणि वर्षानुवर्षे टिकते. शेतीसाठी ते 1989 साली बंद झाले, एंडोसल्फान 2011 साली सर्वोच्च न्यायालयाने बंद केले. पण कागदावर बंद झालेले विष त्याच दिवशी जमिनीतून उठून जात नाही.

यावर कोणी म्हणतो, “गुरुजी, शेतकऱ्यानेच फवारले ना?” हा निकाल फार सोयीचा आहे! आधी गाळाला विचारा. हवेशीर जमिनीत डीडीटीचे मुख्यतः डीडीई होते, हवेविना चिखलात डीडीडी. नमुन्यात मूळ डीडीटीच जास्त निघाले, तर माल ताजा समजावा. मग ज्या ओढ्यातून आला त्या ओढ्याने वर चालत जावे. इटलीत 1996 साली माज्योरे सरोवराच्या माशांत डीडीटी सापडले. माग तोचे नदीच्या खोऱ्यात पिएवे व्हेर्गोंते गावच्या कारखान्यापाशी पोचला. 1948 पासून तिथे डीडीटी तयार होत होते. (त्याच साली डीडीटीचा कीटकनाशक गुण शोधणाऱ्या म्युलरसाहेबांना नोबेल पारितोषिक मिळाले!) काठच्या शेतकऱ्यांवर खापर फोडून तिथले लोक घरी गेले असते, तर तो कारखाना सुखाने चालला असता.

तेव्हा उन्हाळ्यात ट्रॅक्टर लागण्यापूर्वी प्रत्येक ओढ्याच्या तोंडाशी नमुने घ्या आणि अहवाल ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा. गाळ निर्दोष निघाला तर पहिले पेढे मी वाटीन. सणासुदीला ही मागणी अशुभ वाटत असेल, तर तुळशीचे लग्न झाल्यावर पुन्हा करीन.