स्वस्त मुखवटा, महागडी भीती! कमी बजेटच्या भयपटांना बिनचेहऱ्याचा खलनायक का लागतो?

जॉन कार्पेंटर यांच्या ‘हॅलोवीन’ (१९७८) या भयपटातला मायकेल मायर्स आजही अंगावर काटा आणतो. त्याचा मुखवटा मात्र दोन डॉलरपेक्षाही कमी किमतीत दुकानातून आणलेला होता. ‘स्टार ट्रेक’मधल्या कॅप्टन कर्कचा, म्हणजेच अभिनेते विल्यम शॅटनर यांच्या चेहऱ्याचा तो रबरी मुखवटा होता. टॉमी ली वॉलेस यांनी त्याच्या भुवया आणि कल्ले काढले, डोळ्यांची भोकं मोठी केली, वर पांढरा रंग मारला आणि खलनायक तयार झाला. सुमारे तीन लाख डॉलरमध्ये बनलेल्या या चित्रपटाने कोट्यवधी डॉलरचा गल्ला जमवला.

पैसे वाचतात कुठे?

सर्वात मोठी बचत मानधनात होते. ओळखीचा चेहरा असलेल्या डोनाल्ड प्लेझन्स यांना पाच दिवसांचे २० हजार डॉलर मिळाले. मुखवट्यामागे असलेल्या निक कॅसल या कार्पेंटर यांच्या कॉलेजमित्राला दिवसाला फक्त २५ डॉलर! शिवाय मुखवट्याआड कोणीही उभं राहू शकतं. काही दृश्यांत तर स्वतः वॉलेसच मायकेल झाले होते.

मग प्रत्येक मुखवटा का घाबरवत नाही?

कारण चेहरा झाकला की अभिनयाची अर्धी साधनं हातातून जातात. उरतं ते शरीर, प्रकाश आणि आवाज. मायकेल धावत नाही, शांतपणे चालत येतो. खून केल्यावर मान किंचित तिरकी करून बघत राहतो. रुंद चौकटीच्या कोपऱ्यात नुसता उभा असतो आणि त्याचा श्वास तेवढा ऐकू येतो. हे दुकानात मिळत नाही. मुखवटा दिग्दर्शकाचा खर्च कमी करतो, काम मात्र वाढवतो.

स्वस्ताईची किंमत कोण मोजतो?

‘द टेक्सास चेन सॉ मॅसेकर’ (१९७४) मध्ये लेदरफेस साकारणाऱ्या गनर हॅन्सन यांच्याकडे एकच पोशाख होता. धुतला तर रंग बदलेल, या धास्तीने टेक्सासच्या उन्हाळ्यात तो आठवडेच्या आठवडे तसाच वापरला गेला. त्यात मुखवट्यामुळे नीट दिसत नसताना हातात करवत घेऊन धावायचं! भीती पडद्यावर उतरली, पण तिची किंमत एका माणसाच्या अंगाने मोजली.

आज मोबाइलवर चित्रपट करणाऱ्यालाही मुखवटा सहज परवडतो. मात्र तो घालणाऱ्याला तालमीसाठी वेळ, श्वास घ्यायला मोकळी जागा, दुसरा पोशाख, पुरेसं मानधन आणि श्रेयनामावलीत नाव मिळायलाच हवं. मुखवट्यावर वाचलेले पैसे त्याच्या आतल्या माणसावर खर्च झाले, तरच ती बचत खरी. नाहीतर प्रेक्षकाला दिसतं ते फक्त रबर.