सत्ता कोणाची नव्हे, कोणासाठी?

लोकशाहीच्या गोंधळाला कंटाळलेले सुशिक्षित लोक एक ठरावीक दाखला देतात : ग्रीक तत्त्ववेत्त्यांनीसुद्धा लोकशाहीला नावे ठेवली होती, तेव्हा एकच खंबीर राज्यकर्ता बरा! हा दाखला अर्धा आहे, म्हणूनच घातक आहे.

ॲरिस्टॉटलने ‘पॉलिटिक्स’ या ग्रंथात सहा राज्यपद्धती सांगितल्या. एकाने, थोड्यांनी वा बहुतांनी सर्वांच्या हितासाठी राज्य केले, तर ती अनुक्रमे राजसत्ता, श्रेष्ठजनसत्ता आणि ‘पॉलिटी’, म्हणजे सुव्यवस्थित नागरी सत्ता. तेच राज्य सत्ताधाऱ्यांच्याच लाभासाठी चालले की जुलूमशाही, धनिकशाही आणि लोकशाही. येथे ‘लोकशाही’ म्हणजे गरिबांनी केवळ आपल्यापुरते चालवलेले राज्य. डोकी मोजणे ही त्याची कसोटीच नव्हे; हित कोणाचे, ही कसोटी. आणि या तीन विकृतींत सर्वांत वाईट त्याने कोणती ठरवली? एकाची जुलूमशाही! लोकशाहीला त्याने त्यांतली सर्वांत सौम्य म्हटले. प्लेटोनेही ‘रिपब्लिक’मध्ये अधःपाताची शेवटची पायरी म्हणून जुलूमशाहीच दाखवली आणि उतारवयातील ‘लॉज’मध्ये राज्यकर्त्यांना कायद्याचे दास म्हटले. दाखला देणारे ही पाने का उलटत नाहीत?

लोकशाही निर्दोष होती, असे आमचे म्हणणे नाही. इ. स. पू. ४०६ मध्ये अथेन्सच्या लोकसभेने आठ सेनापतींना वेगवेगळा न्याय न देता एकाच मतदानाने दोषी ठरवले. हाती लागलेल्या सहांना देहान्त दिला. हा प्रस्ताव कायद्याविरुद्ध आहे, असे सांगून सॉक्रेटिसाने विरोध केला. दोनच वर्षांनी ‘तीस जणां’ची सत्ता आली. तिने सालामिसच्या लिओनला ठार करण्यासाठी धरून आणण्याची आज्ञा दिली, तेव्हाही सॉक्रेटिस आज्ञा धुडकावून घरी निघून गेला. गर्दी असो वा मूठभर धनी, त्याचा नकार एकच होता. पुढे इ. स. पू. ३९९ मध्ये त्याला विषाचा पेला देणारेही लोकशाहीचेच न्यायालय होते. पण यातून निघणारा धडा ‘एक धनी हवा’ हा नव्हे. बहुमतालाही कायद्याचा लगाम हवा, हा आहे.

ग्रीकांच्या ‘सर्वां’मध्ये स्त्रिया आणि गुलाम नव्हते, हा त्यांचा मोठा दोष. पण त्यांना दोषी ठरवणारी कसोटीही त्यांचीच. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनीही तीच स्वीकारली : राज्यकर्त्याच्या खाजगी हितासाठी चालणारे राज्य अन्यायी होय.

म्हणून खंबीर हाताची मागणी करणाऱ्यांनी आधी एवढेच सांगावे : तो हात आवरणार कोण?