गिरलिंगाला पायवाटच असू द्या

सुटीची सहल म्हणजे सह्याद्रीच्या दिशेने निघालेली भाड्याची मोटार, ही समजूत आपल्या तालुक्यात इतकी दृढ झाली आहे, की पन्हाळा, आंबा घाट, कोयनानगर आणि फुलांच्या हंगामातले कास या चार-पाच ठिकाणांपलीकडे पाहण्याजोगा डोंगर असू शकतो, ही कल्पनाही कवठे महांकाळच्या मुलांना राहिलेली नाही. ज्या मुलखाच्या वाट्याला वर्षाकाठी पाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस येतो आणि तोही भरवशाचा नसतो, त्या मुलखातील माणसाला हिरव्या दरीची आणि धबधब्याची ओढ असावी यात अस्वाभाविक काही नाही. तक्रार त्या ओढीबद्दल नाही, तर तिच्यापायी घराच्या उंबऱ्याशी असलेले डोंगर नजरेतून उतरले याबद्दल आहे. कास पठार २०१२ साली जागतिक वारशात गणले गेले आणि पुढे फुलांच्या दिवसांत तेथे शुल्क आणि प्रेक्षकांच्या संख्येची मर्यादा घालावी लागली. पहाटे निघून, रांगेत उभे राहून, फुलांपेक्षा माणसांचीच छायाचित्रे घेऊन रात्री परतणाऱ्या कुटुंबाला त्या दिवसात चालणे किती घडले, हे विचारून पाहावे.

आणि आपल्याकडे डोंगर नाहीत असे कोण म्हणतो? खरशिंगच्या अंगाला दंडोबा आहे, जेथे खडक कोरून महादेवाचे स्थान केलेले आहे आणि श्रावणी सोमवारी पंचक्रोशी लोटते. कुकटोळीचा गिरलिंग आहे. त्यालाच ‘जुना पन्हाळा’ म्हणतात, त्याच्याही खडकात लेणी आहेत आणि माथा ऐसपैस सपाट आहे. आरेवाडीला बिरोबाचे बन आहे, ज्याची यात्रा दूरदूरच्या धनगर समाजाला एकत्र आणते. घाटनांद्र्याच्या बाजूला पवनचक्क्यांचे उघडे पठार आहे. यांपैकी कोणतेही ठिकाण एका दिवसात पायी पाहून होते. मिरजेच्या वा सांगलीच्या माणसालाही ती अप्राप्य नाहीत, कारण कवठे महांकाळ आणि ढालगाव ही दोन्ही गावे मिरज–पंढरपूर लोहमार्गावर आहेत. (हा मार्ग म्हणजे १९२७ साली मिरजेपर्यंत आलेली बार्शी लाइट रेल्वेची अरुंद रुळांची गाडी, ती रुंद झाली, तिचा वेग वाढला आणि खिडकीतून डोंगर निरखण्याची सवड मात्र गेली.)

या उघड्या-बोडक्या डोंगरांचे एक वैशिष्ट्य असे, की घनदाट अरण्यात जे झाकले जाते ते येथे स्पष्ट दिसते. माथ्यावर उभे राहून खाली पाहावे, तो म्हैसाळ योजनेचे पाणी जेथपर्यंत पोहोचले तेथपर्यंत द्राक्षबागांच्या गर्द पट्ट्या आणि बेदाण्याच्या शेड, आणि जेथे पोहोचले नाही तेथे शाळूची काळवंडलेली शेते वा नुसता मुरमाड माळ. कृष्णेचे पाणी टप्प्याटप्प्याने उपसून वर का चढवावे लागते, हे भूगोलाच्या पुस्तकातील धडा जितक्या दिवसांत शिकवील त्याहून लवकर हा देखावा शिकवतो. खानापूरच्या बाजूला उगम पावून, आपला तालुका ओलांडून पुढे अथणी तालुक्यात कृष्णेला मिळणारी अग्रणी बहुतेक वर्षी कोरडी का राहते, हा प्रश्न मुलाने स्वतःहून विचारावा, असे वाटत असेल तर त्याला एकदा डोंगरावरच न्यावे.

कचेऱ्यांच्या सहलींविषयी थोडे स्पष्ट लिहिले पाहिजे. २९ फेब्रुवारी २०२० पासून राज्य शासनाच्या कचेऱ्यांना पाच दिवसांचा आठवडा मिळाला, त्यामुळे कारकुनापासून तहसीलदारापर्यंत सर्वांना शनिवारही मोकळा झाला; पण सहल निघाली की दप्तरातील उतरंड जशीच्या तशी डोंगरावर चढते. साहेबांसाठी सावलीची जागा आधी राखली जाते, पाण्याचे कॅन शिपायाच्या खांद्यावर जातात, आणि सरबराईचा सारा बंदोबस्त ज्यांनी केला ते सर्वांत शेवटी, उरलेसुरले जेवतात. पायी चढाईचा खरा गुण असा, की दम सर्वांना सारखाच लागतो आणि बहुधा हुद्द्याने सर्वांत खालचा माणूसच वाट ठाऊक असल्याने पुढे चालतो. तेव्हा प्रत्येकाने आपले पाणी आणि आपली शिदोरी आपणच वाहावी, एवढा एक शिरस्ता पाळला तरी पुष्कळ साधेल. घरच्या सहलीतही तोच न्याय लावावा. पहाटे चारला उठून भाकऱ्या थापायच्या, वर जाऊन त्या वाढायच्या, संध्याकाळी डबे घासायचे, यालाच जर घरातील स्त्रियांची सहल म्हणायचे असेल तर त्या घरी राहिल्या तर निदान विश्रांती तरी मिळेल. आवळीखालचे कार्तिकातले जेवण किंवा शेतावरचा हुरडा या आपल्या जुन्या चालींतही कामाचा भार कोणावर पडत असे, हे आपण सोयीस्करपणे विसरतो.

आता मूळ मुद्दा. अशा प्रत्येक ठिकाणाबद्दल ‘पर्यटनविकास’ करावा अशी दरखास्त अधूनमधून निघते, आणि विकास म्हणजे काय याविषयी आपल्या मनात फारसा संदेह नसतो: वर मोटार जाईल असा रस्ता, पायऱ्या, पेव्हर ब्लॉक, स्वागतकमान आणि तीवर नेत्यांची नावे. दंडोबावर मोटार आधीच बरीच वरपर्यंत जाते. त्याचे फळ म्हणून वर माणसे वाढली की फरसाणाची पाकिटे, याचा निवाडा ज्याचा त्याने करावा. याच जिल्ह्यात सागरेश्वरचे अभयारण्य धों. म. मोहिते यांच्या ध्यासातून उजाड टेकड्यांवर झाडे लावून उभे राहिले, आणि लोक तेथे हरणे व सावली यांसाठी जातात, सिमेंट पाहण्यासाठी नव्हे. गिरलिंगाला जी तजवीज हवी ती मोजकी आहे: पायथ्याशी पाण्याची टाकी, वाटेवर हिवर-बाभळीसारख्या येथल्याच झाडांची सावली, आणि मधमाश्यांची पोळी, फुरसे व उन्हाची वेळ यांविषयी स्वच्छ मराठीत लिहिलेली एक पाटी. फुरसे या दगडाळ मुलखाचे जुने रहिवासी आहे, तेव्हा उघड्या चपलांनी चढू नये आणि दगडाखाली हात घालू नये; पोळ्याजवळ धूर वा आरडाओरडा करू नये.

चालण्याचा हंगाम आश्विनापासून माघापर्यंतचा. चैत्र-वैशाखात सकाळी नवानंतर कोणी मुलांना घेऊन चढू नये. जिल्हा परिषदेने शाळांच्या सहलींना मंजुरी देताना दूरच्या एका सहलीआधी तालुक्यातलीच एक पायी सहल झालेली असावी अशी अट घातली, तर तिला खर्च जवळजवळ येणार नाही आणि कोणत्याही ठेकेदाराची मुळीच गरज पडणार नाही. अट अजून कोणी सुचवली नसेल, तर त्याचे कारण कदाचित हेच असावे.