भाषांतर यंत्राचे, पारख आपली

ज्या ब्राउझरमधून आपण इंटरनेट पाहतो, तो दर काही आठवड्यांनी नवे रूप घेतो. त्यात सुरक्षिततेतील उणिवा दूर केलेल्या असतात. म्हणून ही सुधारणा कधीही टाळू नये. तिच्याबरोबर नव्या सोयीही येतात. त्यांपैकी एक सोय म्हणजे परभाषेतील पानाचे क्षणात होणारे भाषांतर.

मराठी माध्यमात शिकणाऱ्यांसाठी ही सोय मोलाची आहे. गूगलच्या भाषांतरयंत्रात २०१३ साली मराठीचा समावेश झाला आणि इंग्रजी पाने आपल्याला खुली झाली. पण खुले झालेले सारेच बिनचूक असते काय?

आपल्या बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचेच उदाहरण घ्या. इंग्रजीत ‘क्रेटर’ हा शब्द ज्वालामुखीच्या मुखालाही लावतात आणि उल्केच्या आघाताने पडलेल्या खळग्यालाही. यंत्र काही भूगर्भशास्त्र शिकलेले नसते. असंख्य वाक्यांच्या जोड्यांवरून कोठे कोणता शब्द येण्याचा संभव अधिक, एवढेच ते ठरवते. त्याने लोणारच्या विवराला ‘ज्वालामुखीचे मुख’ म्हटले, तर ती केवळ शब्दाची चूक ठरत नाही. सभोवती सारा बेसॉल्ट, म्हणजे लाव्हारसापासून बनलेला खडक. त्यामुळे हे विवर ज्वालामुखीचेच असावे, असे पूर्वी अनेकांना वाटे. १९७३ साली शास्त्रज्ञांनी तेथील खडकांतून मॅस्केलिनाइट दाखवून दिले. फेल्डस्पार या खनिजाची ही काच प्रचंड आघाताच्या दाबाने बनते; ज्वालामुखीत असा दाब निर्माण होत नाही. एका चुकीच्या शब्दाने हा सारा पुरावा पुसला जाईल!

म्हणून भाषांतराची कळ दाबूच नये, असे मी म्हणणार नाही. जरूर दाबावी, पण पारिभाषिक शब्द आला की मूळ पान उघडून तो इंग्रजीत कसा आहे ते पाहावे, आणि मग पाठ्यपुस्तकाशी किंवा परिभाषा कोशाशी ताडून घ्यावा. शिक्षकांनी एखादा परिच्छेद यंत्राकडून भाषांतरित करून घ्यावा आणि त्यातील चुका वर्गाला शोधायला लावाव्यात. विज्ञान आणि भाषा या दोहोंचा अभ्यास एकाच तासात होईल.

ब्राउझर आपोआप अद्ययावत होतो. वाचकाला मात्र ते कष्ट स्वतःच घ्यावे लागतात.